पोथी, संकेत आणि हौस : काशीच्या मराठी पाठपरंपरेपासून मुक्त आज्ञावलीपर्यंत

१

वाराणसीतील बालाजी घाट पेशव्यांच्या आश्रयाने उभा राहिला. मंगळागौरी आणि पंचगंगा या स्थानांच्या सान्निध्यात तो आहे. नागपूरकर भोसल्यांचा घाट आणि शिंदे घाट हेही गंगेच्या याच काठावर येतात. मराठी सत्तेचा काशीशी असलेला संबंध या घाटांच्या रूपाने आजही दाखविता येतो. मात्र घाट बांधविणाऱ्यांची नावे इतिहासात राहिली, तशी याच नगरीत पोथ्या उतरवून घेणाऱ्यांची बहुधा राहिली नाहीत. ग्रंथ टिकले ते या अनाम लेखनिकांमुळे. पण वाङ्मयेतिहासाने त्यांची दखल ग्रंथकारांइतकी कधीच घेतली नाही.

असाच एक वर्ग गेल्या साडेतीन दशकांत पुन्हा निर्माण झाला आहे. संगणकावर मराठी अक्षर शुद्ध उमटावे, एका यंत्रावरील मजकूर दुसऱ्या यंत्रावर वाचता यावा, एखादी आज्ञावली मराठीत बोलावी, यासाठी नोकरीधंदा सांभाळून रात्री-अपरात्री खटपट करणारी ही हौशी मंडळी आहेत. नवे उपकरण हाती आले की त्यावर जोडाक्षरे तुटतात का हे ते प्रथम पाहतात. नवी आज्ञावली निघाली की तिचा स्रोत खुला आहे का याची चौकशी करतात. साहित्याच्या अभ्यासकांना हा छंद साहित्यबाह्य वाटतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की हा छंद मराठी पाठपरंपरेचाच एक टप्पा आहे, आणि मराठी ग्रंथ पुढच्या पिढीला कोणत्या रूपात मिळणार हे पुष्कळ अंशी त्याने ठरविले आहे. या टप्प्याचे मोल ठरविण्यासाठी मात्र पोथीच्या काळापासून आरंभ करावा लागतो.

२

काशीतील मराठी पांडित्याचा मोठा प्रवाह पैठणहून आला. पैठणच्या भट्ट घराण्यातील रामेश्वरभट्ट काशीस स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी सोळाव्या शतकात काशीच्या पंडितसभेत मानाचे स्थान मिळविले. याच घराण्यातील कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिन्धु’ १६१२ मध्ये पूर्ण झाला आणि गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेक केला. ‘निर्णयसिन्धु’सारखा ग्रंथ काशीत लिहिला जावा आणि कोकणातील खेड्यापर्यंत प्रमाण मानला जावा, हे केवळ विद्वत्तेच्या बळावर घडत नाही. त्यासाठी त्याच्या प्रती व्हाव्या लागतात. यात्रेस आलेला शास्त्री पोथी उतरवून घेई, गावी नेई, आणि तेथे तिच्यावरून दुसरी प्रत होई. प्रत करण्यासाठी ग्रंथकाराची अनुज्ञा लागत नसे. उलट ग्रंथाची प्रत करणे आणि ती दान देणे हे पुण्यकृत्य मानले जाई.

सतराव्या शतकात गोदातीरावरून काशीस आलेले कवीन्द्राचार्य सरस्वती यांनी तेथे मोठा ग्रंथसंग्रह उभा केला. शाहजहानाकडून यात्रेकरूंवरील कर माफ करून घेणारे संन्यासी म्हणून त्यांची ख्याती आहे. त्यांच्या संग्रहाची सूची १९२१ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. तीत दोन हजारांहून अधिक नावे आहेत. संग्रह मात्र राहिला नाही. त्यांच्या नावाची खूण असलेल्या पोथ्या आज बिकानेरसारख्या दूरच्या ठिकाणी आढळतात. एकाच ठिकाणी जपलेला संग्रह पांगतो. ज्या ग्रंथाच्या प्रती अनेक ठिकाणी झाल्या, तो राहतो. पोथीच्या काळातील जतनाचा हा मूळ नियम संगणकाच्या काळातही बदललेला नाही.

तथापि हा खुलेपणा सर्वांसाठी नव्हता. प्रत करण्यास किंमत पडत नसली, तरी पोथीजवळ पोहोचण्यास जात, लिंग आणि घराणे यांची अट होती. कित्येक घराण्यांनी पोथ्या दुसऱ्याच्या दृष्टीस पडू दिल्या नाहीत. त्याच काशीत निराळे उदाहरणही आहे. बालाजी घाटावरील मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांनी तरुणपणी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. मराठ्यांच्या आश्रयाने झालेल्या घाटावरचे विष्णुमंदिर एका मुसलमान कलावंताच्या साधनेचे स्थान होऊ शकले. नादाला जी वाट मिळाली, ती अक्षराला सहज मिळाली नाही. ‘पूर्वी ज्ञान मुक्त होते’ असे सरसकट विधान म्हणूनच करता येत नाही. प्रत करण्याची मोकळीक आणि प्रतीपर्यंत पोहोचण्याची मोकळीक या दोन भिन्न गोष्टी आहेत.

३

मराठीच्या दृष्टीने काशीचे महत्त्व एकनाथांमुळे विशेष आहे. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, वाराणसीत पूर्ण झाली. प्राकृतात भागवत लिहिल्याबद्दल काशीच्या पंडितांनी प्रथम विरोध केला आणि पुढे ग्रंथाचा गौरव केला, असे चरित्रपरंपरा सांगते. या कथेतील ऐतिहासिक अंश किती हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी ज्ञान कोणत्या भाषेत असावे हा वाद मराठीने काशीच्या संदर्भात मांडला, हे तिच्यावरून दिसते.

त्यानंतर अकरा वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठशोधन केले. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ ची. सच्चिदानंदबाबा हे तिचे लेखनिक, असा ग्रंथातच उल्लेख आहे. तीन शतकांच्या प्रतिलेखनात पाठभेद शिरले होते. एकनाथांनी प्रती पाहून पाठ शुद्ध केला, शोधनाचे वर्ष नोंदविले आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये असा इशारा दिला. येथे तीन कृती स्पष्ट वेगळ्या दिसतात: ग्रंथाची प्रत करण्यास मनाई नाही, दोष दुरुस्त करणे हे कर्तव्य आहे, परंतु आपली भर मूळ ग्रंथकाराच्या नावावर खपविणे निषिद्ध आहे. आधुनिक भाषेत ही वापराची अटच म्हणावी लागेल. तिच्यामागे कायद्याचे बळ नव्हते, संताच्या शब्दाचे होते.

याच मराठी परंपरेत नेमके उलटे उदाहरणही सापडते. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षरांची अदलाबदल करून केलेला तो संकेत होता. किल्ली ज्याच्यापाशी असेल त्यालाच मजकूर उलगडे. धर्मग्रंथांचे रक्षण हा त्यामागचा हेतू होता आणि तो साधलाही. परंतु त्याचा परिणाम म्हणून मराठीतील आद्य गद्य कित्येक शतके पंथाबाहेरच्या वाचकाला अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी ही कोंडी फुटली आणि मराठी वाङ्मयाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. संकेताची किल्ली मर्यादित लोकांच्या हाती राहिली तर साहित्याच्या इतिहासाचे काय होते, याचा यापेक्षा बोलका दाखला मराठीत नाही.

राजवाडे हे विद्यापीठीय अध्यापक नव्हते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे कार्य प्रामुख्याने अशाच लोकांच्या चिकाटीवर चालले. ‘हौशी’ हा शब्द मराठीत उणेपणाचा नाही. दप्तरे आणि पोथ्या जमविण्याच्या इतिहासात तो पुष्कळदा पहिल्या पायरीचा वाचक आहे.

४

मुद्रणाने प्रतिलेखन यंत्राकडे गेले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिळाछापावर पंचांगे आणि पोथ्या छापल्या. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी घडविलेल्या निर्णयसागरी टाइपाने देवनागरीचे एक देखणे रूप भारतभर रूढ केले. हा टाइप विक्रीची वस्तू होता आणि त्याचे तंत्र व्यवसायाचे गुपित होते. पण एक गोष्ट निर्णायक होती. टाइप कोणाचाही असो, छापलेले पुस्तक वाचण्यासाठी वाचकाला तो विकत घ्यावा लागत नसे. टाइपाची मालकी छापखान्यापाशी संपत असे.

संगणकाने ही सीमा पुसली. आरंभ मात्र आशादायक होता. भारतीय लिप्यांसाठी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झालेले संशोधन पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेत ‘जिस्ट’ या नावाने विकसित झाले. सर्व भारतीय लिप्यांसाठी समान असा ‘इस्की’ हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला. त्यात प्रत्येक वर्णाला एक क्रमांक होता. अक्षराचा आकार जोडाक्षराच्या नियमांनी यंत्राने ठरवावयाचा होता.

परंतु प्रकाशनव्यवसायात दुसरीच पद्धत रुजली. त्या काळातील पानमांडणीच्या आज्ञावलींना जोडाक्षरे घडविता येत नसत आणि एका फाँटात जेमतेम दोनशेछप्पन जागा असत. तेव्हा फाँट करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविले: एका जागी काना, दुसऱ्या जागी अर्धा त, तिसऱ्या जागी रफार. पडद्यावर मराठी दिसे. यंत्राच्या लेखी तो रोमन अक्षरांचा अर्थहीन क्रमच असे. प्रत्येक कंपनीने हे तुकडे आपापल्या क्रमाने मांडले. या फाँटांनी मराठी वृत्तपत्रे आणि प्रकाशने खिळेजुळणीतून सोडविली, हे त्यांचे ऋण नाकारता येत नाही. मात्र तो फाँट यंत्रावर नसला की मजकूर वाचता येत नसे, एका फाँटातला शब्द दुसऱ्या फाँटात शोधता येत नसे, शब्दसूची करता येत नसे. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकावर जुळविलेले पुष्कळसे मराठी साहित्य अशा रीतीने एका नव्या सकळ लिपीत गेले. फरक एवढाच की महानुभावांनी ती जाणून स्वीकारली होती. येथे आपण संकेतात लिहीत आहोत याची लेखक-प्रकाशकांना कल्पनाही नव्हती.

५

या कोंडीबाहेर जाण्याचे मार्ग साधारण एकाच सुमारास निघाले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये त्याचा सार्वजनिक परवाना प्रसिद्ध झाला. या परवान्याचे मर्म थोडक्यात असे: आज्ञावली कोणीही वापरावी, तिचा स्रोत वाचावा, तिच्या प्रती वाटाव्या, तीत बदल करावा, मात्र बदललेली आज्ञावली दुसऱ्यास दिली तर ही सारी मोकळीक त्यासही द्यावी. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केलेले ‘लिनक्स’ पुढील वर्षी याच परवान्याखाली आले. ‘मुक्तस्रोत’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा मात्र १९९८ मधली आहे.

१९९१ हेच वर्ष देवनागरीच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरले. नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्थाउस यांनी ‘टेक’ या अक्षरजुळणी-प्रणालीसाठी देवनागरीचा संच उपलब्ध केला. अविनाश चोपडे यांची ‘इट्रान्स’ ही पद्धतही त्याच सुमारास आली. साध्या रोमन कळफलकावर ठरावीक रीतीने टंकन करावे आणि त्यातून देवनागरी उमटावी, असे तिचे स्वरूप होते. या लेखनात रोमन अक्षरे असली, तरी नियम उघड होते, आणि त्यामुळे मजकूर कोणत्याही यंत्रावर जिवंत राहिला. ज्ञानेश्वरीसारखा ग्रंथ याच पद्धतीने स्वयंसेवकांनी टंकित करून महाजालावर ठेवला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत १९८८ च्या इस्कीच्या आधारे देवनागरीसाठी एकशेअठ्ठावीस स्थानांचा विभाग राखला गेला.

तुलनात्मक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने महाभारताचे उदाहरण उद्बोधक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचा संगणकीय पाठ क्योतो येथील मुनेओ तोकुनागा यांनी टंकित केला, आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला. पाठ सर्वांना विनामूल्य मिळतो. पुण्यात अनेक लिप्यांतील हस्तलिखितांवरून सिद्ध झालेली संहिता जपानात टंकित व्हावी, इंग्लंडात शुद्ध व्हावी आणि पुन्हा भारतीय अभ्यासकाच्या हाती यावी, हा प्रतिलेखनाचाच प्रवास आहे.

६

युनिकोडचा संकेत ठरला तरी तो व्यवहारात येण्यास दशक लागले. विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीची जोडाक्षरे घडविण्याची सोय आली. मुक्त प्रणालींच्या बाजूने ‘इंडलिनक्स’सारख्या गटांनी आज्ञावलींचे भाषांतर हाती घेतले; रेड हॅटने ‘लोहित’ हा फाँटसंच मुक्त परवान्याखाली दिला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. या साऱ्यात भाषांतर करणारे, चुका कळविणारे, फाँट तपासणारे बहुसंख्य लोक विनावेतन काम करणारे होते.

त्यांच्या चर्चेचे विषय वरवर तांत्रिक वाटतात. प्रत्यक्षात ते लिपिशास्त्राचे आहेत. ‘आचार्यांचे’ आणि ‘आचाऱ्यांचे’ ही दोन रूपे घ्यावीत. पहिल्यात विद्वान आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद मराठी लेखनात केवळ रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र यांनी दाखविला जातो. हिंदी लेखनाला त्याची गरज नाही. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्तायुक्त ऱ वापरून, किंवा साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. वाचकाला दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एखाद्या कादंबरीची शब्दसूची करणाऱ्या संशोधकाला हे ठाऊक नसेल, तर त्याची गणना चुकेल आणि चूक कोठे झाली हेही कळणार नाही.

दुसरे उदाहरण ‘ॲ’ या अक्षराचे. मराठीत ते नित्याचे असूनही युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान २००८ च्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वीच्या मजकुरात त्याऐवजी ‘ऍ’ किंवा अ-वर चंद्र अशी रूपे वापरली गेली. आजही तिन्ही एकत्र नांदतात. तिसरे उदाहरण ल आणि श यांच्या वळणाचे. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल यांना मान्यता दिली; परंतु संगणकासोबत आलेल्या फाँटांत बहुधा हिंदी वळणेच असत. संकेत तोच ठेवून मराठी वळण दाखविण्याची सोय मुक्त फाँट करणाऱ्यांनी स्वीकारली, आणि मुंबईच्या ‘एक टाइप’च्या ‘मुक्त’सारख्या फाँटांमुळे मोफत व चांगले देवनागरी अक्षर सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचले. कोणत्या भाषेच्या गरजा लिपीच्या संकेतात आधी मोजल्या जातात आणि कोणत्या मागाहून, हा येथील खरा प्रश्न आहे. काशीच्या पंडितांपुढे प्राकृताने उभा केलेला प्रश्नही याच जातीचा होता.

७

या इतिहासाचे मूल्यमापन करताना मुक्त आज्ञावलीचा परवाना आणि एकनाथांचा इशारा शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. दोन्हींना प्रत करणे मान्य आहे. दोन्हींत पुढच्या व्यक्तीविषयीची जबाबदारी आहे. भेद बदलाविषयी आहे. आज्ञावली ही बदलण्यासाठीच असते. तीत कोणी भर घातली तर ती अधिक उपयुक्त होण्याची शक्यता असते. ग्रंथपाठ असा नसतो. ज्ञानेश्वरीत कोणी आपली ओवी घातली, तर ज्ञानेश्वरी सुधारत नाही. मुक्त आज्ञावलीच्या चळवळीतही कोणता बदल कोणी व केव्हा केला याची काटेकोर नोंद ठेवली जाते. सामान्य कार्यकर्त्यालाही ती शिस्त अंगवळणी पडलेली असते. मराठी ग्रंथ महाजालावर ठेवताना मात्र तीच मंडळी ही शिस्त पुष्कळदा विसरली.

त्याचे परिणाम अभ्यासकाला भोगावे लागतात. ज्ञानेश्वरीचा विनामूल्य पाठ सहज मिळतो. पण तो राजवाडे यांनी १९०९ मध्ये छापलेल्या पोथीचा आहे, सांप्रदायिक आवृत्तीचा आहे की शासकीय प्रतीचा, याचा उल्लेख बहुधा सापडत नाही. अशा पाठावर शब्दांची गणना केली, दोन संतांच्या भाषेची तुलना केली, तर निष्कर्ष नेमका कोणत्या ग्रंथाविषयी आहे हेच सांगता येत नाही. एकनाथांनी आपल्या शोधनाचे वर्ष नोंदविले होते. आजच्या टंकलेखकाने निदान मूळ आवृत्तीचे नाव तरी नोंदवावे, ही अपेक्षा जास्त नाही.

दोष एका बाजूचा नाही. विद्यापीठांनी या कामापासून अंतर राखले, हे अधिक गंभीर आहे. काशीच्या सरस्वती भवन ग्रंथालयात लाखाच्या घरात हस्तलिखिते आहेत. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी अभियान सुरू झाल्यापासून हस्तलिखितांची छायाचित्रे घेण्याचे काम देशभर वाढले. पण पानाचे छायाचित्र म्हणजे पाठ नव्हे. छायाचित्रातील ओवी शोधता येत नाही. ती कोणीतरी वाचून, अक्षरशः उतरवून, पाठभेदांसह नोंदवावी लागते. मोडी, जुनी देवनागरी आणि मध्ययुगीन मराठी जाणणारा अभ्यासक आणि संकेत, परवाना व नोंदींची शिस्त जाणणारा हौशी कार्यकर्ता, यांच्यापैकी एकाला वगळून हे काम होणार नाही.

फाँटांच्या संकेतात अडकलेल्या मजकुराचाही प्रश्न आहेच. तो युनिकोडमध्ये उतरविणारी साधने हौशी मंडळींनी तयार केली. पण अशा रूपांतरात रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, ऱ्हस्व-दीर्घ बदलते, अर्धा र हरवतो. जुन्या लेखनिकांच्या हातून होणाऱ्या दोषांसारखेच हे दोष ओळखता येण्याजोगे आहेत, आणि त्यांचे वर्गीकरण हा मराठी पाठचिकित्सेचा नवा विषय होऊ शकतो. जुन्या फाँटांत जुळविलेली पुस्तके ज्या चकत्यांवर होती त्या खराब होत आहेत, आणि ते फाँट चालविणारी यंत्रे मोडीत निघाली आहेत. छापील प्रत शिल्लक असली तर पाठ पुन्हा टंकित करता येईल. लहान नियतकालिकांच्या बाबतीत तीही मिळेलच असे नाही. त्यामुळे या मजकुराची यादी करणे, मूळ आवृत्तीच्या नोंदीसह तो मुक्त संकेतात उतरविणे आणि एकाहून अधिक ठिकाणी ठेवणे, हे काम मराठी विभागांनी येत्या काही वर्षांतच हाती घ्यावे लागेल.